तणाचा वाफा

राहुरीतल्या आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. कागदोपत्री ती बाग. प्रत्यक्षात तिथे एक कुरकुरणारा झोका, चोच तुटलेलं सिमेंटचं बदक आणि भिंतीलगत ओळीनं उभे केलेले सरळसोट अशोक. त्या अशोकांवर साधी चिमणीसुद्धा बसत नसे. निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी तिथे फेऱ्या मारायचे आणि रोज चिडायचे. चिडणं हा माझा जुना स्वभाव. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवताना तो उपयोगी पडायचा. निवृत्तीनंतर त्याला काही उद्योग उरला नव्हता.

एकदा जवळच्या शाळेतली मुलं बागेत आली होती, पानांचे प्रकार बघायला. शोभेच्या झाडांची इंग्रजी नावं त्यांनी धडाधड सांगितली. भिंतीच्या फटीत मात्र आघाडा उगवला होता, तो कुणालाच ओळखू येईना. मी म्हटलं, अरे, गणपतीच्या पत्रीत असतो की हा. त्यावर एक मुलगी म्हणाली, "पत्रीची तर पुडी मिळते ना!" त्या उत्तरानं माझ्या डोक्यात जो किडा वळवळायला लागला, तो बाग होईपर्यंत काही थांबला नाही.

कॉलनीच्या बैठकीत मी तीन वाफ्यांची मागणी मांडली. पहिल्यात आपल्याकडची झाडं: हिवर, आपटा, भोकर, कवठ. दुसऱ्यात तरवड, करवंद अशी झुडपं. आणि तिसऱ्यात रानात आपोआप उगवणारं सगळं: आघाडा, माका, केना, कुर्डू, कुंजर, घोळ, पाथरी. मुलांनी यावं, हात लावावा, वास घ्यावा, नाव वाचावं. पहिल्या दोन वाफ्यांना कुणी हरकत घेतली नाही. तिसऱ्याला आमचे अध्यक्ष हसले. त्यांच्या मनात तिथे लॉन होतं. लॉनशिवाय बाग म्हणजे त्यांच्या मते कुंकवाशिवाय कपाळ.

"बाई, तण लावायचं म्हणता?" ते म्हणाले. "तण लावावं लागत नाही हो."

"म्हणूनच फुकटात होईल," मी म्हटलं. बैठक हसली आणि वाफा मला मिळाला.

वळीव झाल्यावर आम्ही माती भुसभुशीत केली, झाडं लावली. तिसऱ्या वाफ्यात मी थोडं बी आणून टाकलं आणि बाकी मातीवर सोपवलं. आषाढ सरेपर्यंत तो वाफा असा माजला की बघत राहावं. रोज सकाळी मी त्यात उकिडवी बसून गाजरगवत तेवढं वेचून काढायचे. ते परदेशातून आलेलं, त्याला आमच्या वाफ्यात जागा नव्हती. बाकी सगळ्यांना मोकळं रान. शाळेच्या बाईंना मी श्रावणातला एक दिवस देऊन ठेवला आणि बाजारपेठेतल्या पेंटरकडे पत्र्याच्या पाट्या रंगवायला टाकल्या.

याच दिवसांत माझी थोरली जाऊ आमच्याकडे आली होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी.

आमचं मूळ गाव काष्टीच्या पुढे. दीर लवकर गेले. त्यानंतर घर आणि रान दोन्ही ह्या बाईनं ओढलं. मी तिला बाईच म्हणते, ती मला मास्तरीन म्हणते, माझ्या लग्नापासून. नवी नवरी म्हणून मी गावी गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात खुरपं दिलं होतं. ह्या बाईनं ते काढून घेतलं आणि म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. तिच्या हातात खडू सोभतोय. तिची पात मी वडते." पात म्हणजे खुरपायला बसलेल्या बाईनं समोर धरून पुढं सरकायचा पट्टा. बाईनं त्या दिवशी माझी पात ओढली आणि पुढे सुट्टीत मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हाही ओढली. मी बांधावर बसून पेपर तपासायचे. माझी नोकरी टिकली त्यात तिच्या पाठीचा मोठा वाटा आहे.

तिच्यासारखी खुरपणारी पंचक्रोशीत नव्हती, असं गावात म्हणायचे. तिचं रान म्हणजे चाटून पुसून घेतलेलं ताट. आणि या खुरपण्यापायी ती आमच्याकडे कधी म्हणून यायची नाही. माझ्या लेकीचं बारसं असो, आमची वास्तुशांत असो, निरोपाला उत्तर एकच: "आता न्हाई यायचं. खुरपन चाललंय." पुढे फोन आले, मोबाईल आले, उत्तर बदललं नाही. मी चिडायचे. ह्यांना म्हणायचे, तुमच्या वहिनींना आमच्यापेक्षा हराळी प्यारी.

अलीकडे तिच्या मुलानं तणनाशक सुरू केलं. पाठीवर पंप लावून एक माणूस अर्ध्या दिवसात सगळं रान मारतो. खुरपणाऱ्या बायकांची टोळी मोडली. मुलगा गुणी आहे, आईनं आता आराम करावा असं त्याला मनापासून वाटतं. पण आराम नावाची गोष्ट कशी करतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. नगरला ऑपरेशन होऊन ती आमच्याकडे आली, काळा चष्मा लावून दिवसभर गॅलरीत बसू लागली आणि हळूहळू बोलेनाशी झाली. जेवण कमी झालं. एकदा भाजी निवडताना मी विचारलं, गावाकडची आठवण येते का? ती म्हणाली, "तिकडं फवारा हाय, इकडं फरशी हाय. मी कुठं बसू, सांग."

मला ते फार लागलं. ही बाई माझ्याकडेच राहावी, रमावी, असं मला वाटत होतं. कर्तव्य म्हणून नाही. मला ती आवडते म्हणून. मुलगा दिवाळीला न्यायला येणार होता. तोवर तिचं मन लागलं तर लागलं, नाहीतर ती गावाकडच्या ओट्यावर जाऊन अशीच गप्प बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून काळा चष्मा उतरल्यावर मी तिला रोज बागेत नेऊ लागले. शाळेच्या मुलांसाठी झाडं लावलीत एवढंच तिला सांगितलं होतं. तिसरा वाफा पार मागच्या कोपऱ्यात, झोक्यापासून तिथवर आम्ही कधी गेलो नाही, आणि त्याचं सांगायचंही राहून गेलं. मला वाटलं, पाट्या लागल्या की कळेलच.

नव्या डोळ्यांनी तिला सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. "आता काडीन् काडी दिसतीया," ती म्हणायची आणि मी खूश व्हायचे. त्या वाक्यात काय वाढून ठेवलंय ते मला कळायला हवं होतं.

पाट्या आणायला मी बाजारात गेले, त्या सकाळी बाई बागेत गेली. हिवर पाहिला, तरवड पाहिला. पुढे तिसऱ्या वाफ्यापाशी आली आणि तिला शरमेनं मेल्यासारखं झालं. आपल्या जावेचा वाफा, उद्या शाळेची पोरं येणार, आणि कमरेइतकं तण! मास्तरीन ती, तिला काय जमणार खुरपायला. तिनं घरून पिशवीतलं खुरपं आणलं. होय, ऑपरेशनला येताना तिनं पिशवीत खुरपं आणलं होतं. शिवाय कॉलनीतल्या दोन म्हाताऱ्यांना हाक मारली. त्याही खेड्यातल्याच, लेकांच्या फ्लॅटमध्ये कोंडलेल्या. तिघींनी पदर खोचले आणि पात धरली.

मी दुपारी आले तेव्हा वाफा आरशासारखा झालेला. काळीभोर मोकळी माती, आणि बांधावर तिघी घामेजलेल्या, चहा पीत, जोरजोरात हसत. बाईला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. उपटलेलं सगळं दूधवाल्यानं म्हशीला नेलं होतं. गाडीवर भारा बांधून, आभार मानून.

"बघ गं," ती म्हणाली. "पोरांना बसाय जागा झाली. लई माजलं हुतं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी यावं इतका राग आला. पण तो काढायचा कुणावर? तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी राग गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल ते. मी पाट्यांचं बोचकं खाली ठेवलं. बाईनं वरची पाटी उचलली. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती, आणि नव्या डोळ्यांनी जे दिसेल ते वाचायची तिला हौस लागली होती.

"आ-घा-डा," तिनं वाचलं. मग पुढची. "मा-का. के-ना. कुं-जर." ती थांबली. "ह्या पाट्या कुटं लावायच्या गं?"

तिनं वाफ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा वाफ्याकडे पाहिलं.

"म्हंजी मी पेरलेलं उपटलं?"

"पेरलेलं नव्हतं हो बाई. नुसतं राखलेलं होतं."

"राखलेलं बी पेरलेलंच असतंय," ती म्हणाली आणि हातातलं खुरपं तिनं खाली ठेवलं.

शेतकऱ्याच्या घरात पेरलेलं उपटणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. चूक एकवेळ माफ असते, हे पाप असतं. त्या रात्री ती जेवली नाही. मी समजूत घातली, ह्यांनी घातली, शाळेचा दिवस पुढे ढकलल्याचंही सांगितलं. सकाळी तिनं पिशवी भरली. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले. परत कधी येणार, असं खिडकीतून विचारलं, तर ती नुसती बघत राहिली. या वेळी तिच्याकडे खुरपणीचं कारणसुद्धा नव्हतं.

घरी आले तर दारात अध्यक्ष. "बाई, वाफा झकास तयार झालाय. आता लॉनचे गालिचे पसरून टाकू."

"हात लावून बघा," मी म्हटलं. ते दोन पावलं मागे सरले. पण पुढच्या बैठकीत विषय घेणार, हे सांगायला विसरले नाहीत.

तण कुठूनही आणता आलं असतं, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं. कॉलनीच्या कडेनं, कालव्याच्या रस्त्यानं फिरून आले. जिकडे तिकडे गाजरगवत. आणि खरं सांगायचं तर माझं मनच उडालं होतं. वाफा मोकळा पडला याचं दुःख होतं, पण गॅलरीतली खुर्ची मोकळी पडली याचं त्याहून जास्त होतं. "वहिनी गेली ती गेली, आता काही यायची नाही," हे म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले, कारण मलाही तसंच वाटत होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी दारात कांद्याचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरशेजारून बाई उतरली. मागोमाग तेलाचे पत्र्याचे डबे उतरले, एक घमेलं उतरलं, ओलं पोतं उतरलं आणि सगळ्यावर तिचं एक जुनं लुगडं झाकलेलं.

"काय आणलंत हो बाई?"

"आदी आत घे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चारचौघांत इचारू नको."

लुगडं काढलं. डब्यांत मातीच्या गड्ड्यासकट आघाडा. पोत्यात माका, कुर्डू, पाथरी. घमेल्यात केना. एका डब्यात एकटाच कुंजर, मान टाकलेला, पण मुळाशी ओल धरून.

चहा घेता घेता तिनं सांगितलं. गावी गेल्यावर तिला वाटलं होतं, तासाभराचं काम. रानात जायचं आणि मूठ मूठ उपटून आणायचं. बाजरीत गेली, काही नाही. कांद्यात गेली, नाही. उसाचा बांध फवाऱ्यानं तांबडा झालेला. तिनं सगळं रान पालथं घातलं. शेवटी जुन्या पडक्या विहिरीच्या कडेला आघाडा मिळाला, म्हसोबाच्या दगडाभोवती केना मिळाला, कारण देवापाशी फवारा मारायला पोरं भितात. कुंजर मात्र कुठंच नाही. हाच कुंजर तिनं उभ्या जन्मात ढिगांनी उपटला होता. तो ओढ्यापलीकडे, दुसऱ्याच्या पडीक रानात सापडला.

"सवत गं ती माझी," बाई म्हणाली. "जिच्या झिंज्या जल्मभर उपटल्या, ती दिसंना तर मला रडूच फुटलं. वड्यात उभी राहून रडले, काय सांगू तुला."

मीही रडले मग. दोघी रडलो आणि दोघी हसलोही, कारण पुढचं सांगताना तिनं टेम्पोतली गंमत सांगितली. ड्रायव्हर सारखा विचारत होता, मावशी, कसली रोपं? ती सांगायला तयार नाही. "कुंजर घिऊन चालले म्हनलं असतं तर गावभर झालं असतं. म्हनले असते, म्हातारीला डोळ्यासंगं डोकं बी बदलून दिलंय."

ऊन उतरल्यावर आम्ही वाफ्यात बसलो. जिनं मला कधी पातीला बसू दिलं नाही, तिनंच त्या दिवशी शेजारी बसवून माझ्याकडून खड्डे करून घेतले. प्रत्येक रोप ती दोन्ही हातांनी ठेवायची, माती सारायची, दाबायची, पाणी घालायची. कुंजराशी जरा जास्तच वेळ थांबली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. शिव्या देत होती की माफी मागत होती, मी विचारलं नाही.

"गावाकडं कळू द्यू नको," ती मात्र मला बजावून म्हणाली. "मी तण लावलं म्हनून."

दुसऱ्या दिवशी बैठक वाफ्यापाशीच भरली. अर्धी रोपं माना टाकून पडलेली. अध्यक्षांनी तेच दाखवलं. बाई माझ्या मागे उभी होती, ती पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, उपटलं मी हाय. भरून बी मीच देनार. पंधरवडा द्या." त्या वयाच्या बाईला नाही म्हणण्याइतके आमचे अध्यक्ष वाईट नाहीत. वाफा वाचला.

मग पावसाची एक मोठी सर आली आणि सगळ्या वाफ्यातून हिरवे कोंब फुटले. आणलेल्यांतली काही रोपं जगली होती, पण हे कोंब त्यांचे नव्हते. मातीत बी पडून असतं, माती हलली आणि पाणी मिळालं की उठतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलंय. काही न आणता नुसतं थांबलो असतो तरी बरंचसं परत आलं असतं. बाई ते कोंब बघत म्हणाली, "बघ, माज्या डब्यातलं कसं पसरलं!" मी म्हटलं, "हो तर. तुमच्याच डब्यातलं." जीवशास्त्र गेलं उडत.

गणपतीच्या सकाळी अध्यक्ष पिशवी घेऊन वाफ्यात वाकलेले सापडले. पुडीतली पत्री सुकलेली निघाली म्हणे. बाईनं त्यांना हटकलं, "मुळासकट न्हाई भाऊ, शेंडा खुडा." त्यांनी निमूटपणे शेंडा खुडला. त्यानंतर लॉनचा विषय निघालेला मला आठवत नाही.

शाळेची मुलं आली ती त्यानंतर. मी पाट्या दाखवून माहिती सांगत होते आणि मुलं शिस्तीत कंटाळत होती. बाईला राहवेना. तिनं पोरांच्या कपड्यांना आघाड्याची कुसळं चिकटवून दिली, घोळीचं आंबट पान खायला दिलं, आणि कडेनं उगवलेल्या गाजरगवतापाशी सगळ्यांना ओळीनं बसवून पात धरायला लावली. त्या आधी तिनं माझ्याकडे बघून विचारलं होतं, "ह्ये उपटायचं ना? नक्की?"

"हे उपटा. खुशाल उपटा."

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. आता तिला वाफ्यात राखायलाही होतं आणि उपटायलाही. रोज सकाळी त्या दोघी म्हाताऱ्यांना घेऊन ती आधी तिसरा वाफा बघते आणि मग खुरपं घेऊन बागेची उरलेली कड. चहाचा थर्मास मी नेते. घरात तिचा आवाज पूर्वीसारखा मोठा झालाय, जेवण पुन्हा भाकरीवर आलंय, आणि मीठ कमी पडलं म्हणून ती मला बोलते. फार बरं वाटतं.

दिवाळी जवळ आली तसा मुलाचा फोन आला. आम्ही बागेतच होतो. तिच्या हाताला माती, म्हणून मोबाईल मीच तिच्या कानाला लावून धरला. मुलगा मोठ्यानं बोलतो, मलाही ऐकू येत होतं. आई, घर रंगवलंय, गाडी घेऊन येतो, चार दिवसांनी येऊ का न्यायला? बाईनं वाफ्याकडे नजर टाकली. कुंजराला तुरे आले होते, बी अजून पिकायचं होतं.

"आता न्हाई यायचं," ती म्हणाली. "खुरपन चाललंय."